घट्टा फाटतो तेव्हा : तळहाताच्या उपचारांचा उसनवारीचा इतिहास

सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीत ‘बीम’ नावाचा एक प्रकार असतो. आडव्या दांड्याला लोंबकळायचं आणि हनुवटी दांड्याच्या वर न्यायची. १० वेळा जमलं तर ४० गुण, ९ वेळा ३३, ८ वेळा २७, ७ वेळा २१ आणि ६ वेळा १६. म्हणजे शेवटच्या एका पुलअपला ७ गुण आहेत. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात पहाटे मैदानावर जी पोरं दिसतात, त्यांना हे गणित तोंडपाठ असतं. आणि या गणिताचा घोटाळा बहुतेक वेळा दंडातली ताकद कमी पडल्याने होत नाही. भरती आठ दिवसांवर आलेली असते, पोरगा जोर लावून सराव वाढवतो, आणि बोटांच्या मुळाशी आलेला घट्टा टराटरा फाटतो. खालचं लाल मांस उघडं पडतं. आता दांड्याला हात लावला तरी डोळ्यांत पाणी येतं.

मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो हळद भर. दुसरा म्हणतो उघडं ठेव, वाळू दे. तिसरा म्हणतो लोंबणारं कातडं ब्लेडने काढून टाक. चौथा म्हणतो काही करू नकोस, मारत राहा, हात आपोआप दगड होतो.

संशोधनाची तयारी करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी इथे एक चांगला प्रश्न आहे. या चार सल्ल्यांपैकी बरोबर कोणता, हे आपण नंतर पाहू. त्याआधी हे पाहायचं की तळहाताच्या घट्ट्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते माहीत झालं कसं. कोणी पाहिलं, कोणाच्या हातावर पाहिलं, आणि कशासाठी पाहिलं? हा इतिहास तपासला की लक्षात येतं, आज आपण फाटलेल्या घट्ट्यावर जे करतो त्यातलं बरंचसं ज्ञान दुसऱ्या कशावर तरी केलेल्या प्रयोगांतून उसनं आणलेलं आहे. उसनं आणण्यात वाईट काही नाही. पण कुठून किती आणलं याची नोंद ठेवावी लागते.

आधी शब्द नीट करू

मराठीत घट्टा, भोवरी आणि फोड हे तीन शब्द वेगळे आहेत आणि तिन्ही गोष्टी खरोखरच वेगळ्या आहेत. घट्टा म्हणजे वारंवार दाब आणि घासणी झाल्यामुळे कातडीचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर जाड होणं. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशी तयार होतात, वर सरकतात, केराटिनने भरतात आणि शेवटी झडतात. घासणी वाढली की तळातलं उत्पादन वाढतं आणि वरचा थर साचत जातो. भोवरी म्हणजे तोच प्रकार एका बिंदूवर, आत टोकदार शिरलेला आणि दुखणारा. फोड मात्र जाडी वाढल्याने होत नाही. कातडीचे वरचे आणि खालचे थर एकमेकांवर सरकतात, मधल्या पेशी फाटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं.

दांड्यावरचा घट्टा फाटतो तेव्हा यातल्या दोन गोष्टी एकत्र येतात. वरचा जाड थर ताठ असतो, शेजारची कातडी मऊ. शरीराचं सगळं वजन लोंबकळत असताना दांडा त्या ताठ उंचवट्याला बोटांकडे ढकलतो. ताण उंचवट्याच्या कडेला एकवटतो आणि कातडी तिथून सुटते. म्हणून फाटलेल्या घट्ट्याचा आकार बहुधा खिशाच्या झाकणासारखा असतो: एका बाजूने सुटलेला, दुसऱ्या बाजूने चिकटलेला.

हात वाचणारे लोक

कष्टकऱ्यांच्या शरीराकडे डॉक्टरने लक्ष द्यावं, हे ठासून सांगणारा पहिला मोठा ग्रंथ १७०० साली इटलीतल्या मोदेना शहरात निघाला. बर्नार्दिनो रामाझ्झिनी हा त्याचा लेखक. रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस? आज व्यवसायजन्य आजारांचं अख्खं शास्त्र या प्रश्नापासून सुरू झालं असं मानतात.

पण हाताच्या घट्ट्यांकडे पुढे जे बारकाईने पाहिलं गेलं, ते बरं करण्यासाठी नव्हतं. फ्रान्समध्ये ऑंब्रवाज तार्दियू या न्यायवैद्यकाच्या डॉक्टरने १८४९ मध्ये वेगवेगळ्या धंद्यांमुळे शरीरावर उमटणाऱ्या खुणांवर लिहिलं. अनोळखी प्रेत सापडलं तर त्याच्या हातावरून तो माणूस काय काम करायचा हे सांगता यावं, हा त्यामागचा उपयोग. १८६२ मध्ये माक्सिम व्हेर्न्वा यांनी कामगार आणि कारागिरांच्या हातावर स्वतंत्र पुस्तकच काढलं. कॉनन डॉयलचा शेरलॉक होम्स माणसाचा हात पाहून त्याचा धंदा ओळखतो, ती युक्ती याच काळातली आहे. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ फ्रान्सेस्को रोंकेझे यांनी १९४८ मध्ये व्यवसायाच्या खुणांवर पुस्तक लिहिलं. त्यातही घट्टा ही मुख्यतः खूणच होती.

म्हणजे जवळपास शंभर वर्षं घट्ट्याचं वर्णन जमत गेलं. कुठे असतो, केवढा असतो, कोणत्या हत्याराने पडतो. प्रश्न ओळख पटवण्याचा असल्यामुळे उत्तरंही त्याच जातीची मिळाली. घट्टा कसा फाटतो आणि किती दिवसांत भरतो, हे ओळख पटवणाऱ्याला विचारायची गरजच नव्हती.

ही गोष्ट आपल्या भागातून पाहिली की जास्त टोचते. मुखेड-कंधारच्या डोंगराळ पट्ट्यातून दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात. महिनोन्‌महिने कोयता धरणाऱ्या हाताचे घट्टे कोणत्याही जिमवाल्यापेक्षा जुने आणि जाड. त्या हातांची कातडी यंत्रासमोर येते ती बहुतेक रेशनच्या दुकानात, आणि तिथेही प्रश्न ओळखीचाच असतो. कष्टाने रेषा झिजल्या की अंगठा उमटत नाही. १८४९ मध्ये हाताच्या खुणांवरून माणूस ओळखायचा होता. आता त्याच खुणांमुळे तो ओळखता येत नाही.

लाकूड, एरंडेल आणि राळ

दुसरी परंपरा आपल्याच मातीतली आहे आणि ती लिहिण्यापेक्षा करण्यात जास्त रमली.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ १२ व्या शतकातला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्याकडून उदगीरच्या पलीकडे, बीदर जिल्ह्यात. या ग्रंथात मल्लांवर स्वतंत्र भाग आहे आणि मल्लांच्या व्यायामांत स्तंभश्रम, म्हणजे खांबावरचा व्यायाम, सांगितला आहे. मल्लखांबाचा जुना उल्लेख म्हणून हाच दाखवला जातो.

पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्याला आव्हान द्यायला आले आणि त्यांना उत्तर म्हणून बाळंभटदादांनी ही विद्या मिळवली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका म्हणून ती ऐकावी. पण एक गोष्ट आख्यायिका नाही, ती आजही कुठल्याही मल्लखांबाच्या आखाड्यात दिसते: खांबाला एरंडेल तेल लावतात आणि हाताला राळेची पूड.

जरा विचार करा, हे किती विचित्र आहे. एक गोष्ट निसटण्यासाठी, दुसरी पकडण्यासाठी, आणि दोन्ही एकाच वेळी. पण खेळाडूला दोन्ही लागतात. अंग खांबावरून सरकताना कातडी सोलली जाऊ नये म्हणून तेल. पकडीच्या क्षणी हात सुटू नये म्हणून राळ. घर्षण जास्त झालं की जखम, कमी झालं की पडणं. या दोन टोकांमधली जागा आपल्या वस्तादांनी समीकरणाशिवाय शोधली होती.

आडवा दांडा मात्र दुसरीकडून आला. फ्रीडरिश लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनच्या हाझनहाइडे भागात उघडं व्यायामाचं मैदान सुरू केलं. आडव्या दांड्याचा आधुनिक व्यायाम त्याच्या चळवळीतून जगभर पसरला, आणि १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो स्पर्धेचा प्रकार होता. पुढे १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याच बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापलेली ही संस्था. खांब आणि दांडा या दोन परंपरांची ही चांगली भेट होती.

फरक एवढाच की खांब गुळगुळीत लाकडाचा, तेल प्यालेला. आजच्या मैदानावरचा दांडा लोखंडी पाइपचा, कधी गंजलेला, कधी रंगाचे पापुद्रे निघालेला. जिममधला असेल तर मुद्दाम खरखरीत केलेला. तळहात तोच, पण पृष्ठभाग पूर्ण वेगळा. त्यामुळे खांबावरचा नियम जसाच्या तसा दांड्यावर लावता येत नाही. दांड्याला तेल लावलं तर माणूस खालीच येईल.

प्रयोग आले, पण पायाच्या फोडासाठी

घासणीने कातडीचं काय होतं यावर मोजून-मापून प्रयोग विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाले. १९५५ मध्ये नेलर या ब्रिटिश संशोधकाने कातडीचं घर्षण आणि प्रयोगाने तयार केलेले फोड यांवर लिहिलं. ओलसर कातडीवर घर्षण वाढतं, हा त्यातला आपल्या कामाचा मुद्दा. १९६६ मध्ये अमेरिकेत सुल्झबर्गर आणि सहकाऱ्यांनी यंत्राने घासून फोड आणले. फोड नीट तयार होतात ते तळहात-तळपायासारख्या जाड थराच्या, आतून घट्ट बांधलेल्या कातडीवर, हे त्यातून स्पष्ट झालं. पातळ कातडी घासली की ती फोड न येता सोलून निघते.

या कामाला पैसा आणि घाई कुठून आली? सैन्याकडून. फोड आलेला सैनिक चालू शकत नाही. त्यामुळे प्रश्नही पायाचा, बुटाचा आणि मोर्चाचा होता. १९६८ मध्ये याच गटाने उपचार तपासले. फोड आल्यावर पहिल्या २४ तासांत ठरावीक अंतराने तीन वेळा पाणी काढलं, पण वरचं कातडं तसंच ठेवलं, तर ते कातडं पुन्हा चिकटून राहण्याची शक्यता सगळ्यात चांगली दिसली. झाकण काढून टाकणं हा चांगला मार्ग नव्हता.

१९९८ मध्ये नॅपिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी लष्करी अकादमीच्या कॅडेट्सवर घाम रोखणारं औषध तपासलं. २१ किलोमीटरच्या चालीनंतर औषध नीट लावणाऱ्यांत २१ टक्के जणांना फोड आले, नुसतं द्रावण लावणाऱ्यांत ४८ टक्के जणांना. फायदा मोठा आहे. पण त्याच अभ्यासात औषध लावणाऱ्या ५७ टक्के जणांच्या कातडीला त्रास झाला, दुसऱ्या गटात ६ टक्के. पेपर वाचताना फक्त पहिली जोडी लिहून घेतली आणि दुसरी सोडली, तर आपण अर्धा पेपर वाचला.

उघडी ठेवायची की झाकायची?

‘हवा लागू दे, वाळली की बरी होईल’ या सल्ल्याला धक्का बसला तो १९६२ मध्ये. जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकराच्या पिलांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी साधारण दुप्पट वेगाने पसरली. कारणही त्याने दाखवलं. जखम वाळली की खपली धरते आणि नव्या पेशींना त्या कोरड्या थराच्या खालून वाट काढत जावं लागतं. ओल असेल तर त्या पृष्ठभागावरून सरळ सरकतात. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, हिनमन आणि मायबाख यांनी माणसांवर असाच परिणाम दाखवला.

आता हळद. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवून हे पेटंट आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण तिच्यातून काय सिद्ध झालं ते नीट पाहा. हे ज्ञान नवं नाही, आधीपासून माहीत होतं, एवढंच सिद्ध झालं. हळदीने फाटलेला घट्टा किती दिवस लवकर भरतो, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. ‘आधीपासून माहीत असणं’ आणि ‘परिणाम मोजलेला असणं’ हे दोन वेगळे दावे आहेत. वादविवादात ते सारखे एकमेकांच्या जागी वापरले जातात. शिवाय घरच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, हेही लक्षात ठेवायला हवं.

चॉकचा वाद

जिममध्ये हाताला जी पांढरी पूड लावतात ती मॅग्नेशियम कार्बोनेट. जिम्नॅस्टिक्समधून ती १९५०च्या दशकात जॉन गिल यांनी कडे चढण्याच्या खेळात नेली. ती पकड वाढवते हे सगळ्यांना ‘माहीत’ होतं. २००१ मध्ये ली आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तर चॉकने बोटं आणि दगड यांच्यातलं घर्षण कमी झालेलं दिसलं. २०१२ मध्ये आम्जा आणि सहकाऱ्यांच्या मोजणीत ते वाढलेलं दिसलं. दोघांचं एकमत नाही. दगड वेगळा, मोजण्याची पद्धत वेगळी. आणि दोघांनीही लोखंडी पाइपवर मोजलेलं नाही. चॉकने घाम शोषला जातो, पण थरावर थर साचला तर तीच पूड मध्ये सरकू शकते, असा अर्थ लावता येतो. म्हणून पातळ लावणं शहाणपणाचं. पण हा अंदाज आहे, हे सांगूनच तो द्यायचा.

मग मैदानावरच्या पोराने काय करावं?

आता ते चार सल्ले घेऊ.

फाटल्या फाटल्या सराव थांबवायचा. हात साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवायचा. गंज, माती, चॉक आत राहता कामा नये. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवायचं आणि शंका असेल तर सरकारी दवाखान्यात विचारायचं. कातड्याचं झाकण स्वच्छ आणि चिकटलेलं असेल तर ते जखमेवर परत बसवायचं. फोडावरच्या १९६८ च्या प्रयोगावरून केलेलं हे अनुमान. पूर्ण सुटलेली, वाळून अडकणारी कड मात्र स्वच्छ कात्रीने छाटावी, नाहीतर ती पुढे आणखी ओढून फाडते. हा अनुभवाचा भाग. ब्लेडने खरवडायचं नाही. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर स्वच्छ पट्टी, रोज बदलायची. याला विंटरच्या कामाचा आधार. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला, किंवा आधीच मधुमेह असेल, तर घरगुती उपाय बंद आणि डॉक्टरकडे.

‘मारत राहा, हात दगड होतो’ हा सल्ला अर्धा खरा आहे. हळूहळू वाढवलेल्या घासणीने थर जाड होतो आणि संरक्षण मिळतं. पण उंचवटा फार वाढला की तोच दांड्याला अडकतो. म्हणून घट्टा पूर्ण काढायचाही नाही आणि वाढू द्यायचाही नाही. आठवड्यातून एक-दोनदा आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, वज्रीने शेजारच्या कातडीच्या पातळीला आणायचा आणि रात्री थोडं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं. दांडा तळव्याच्या मध्यात धरला की कातडीची घडी पडून ती चिमटते. तो बोटांच्या मुळाशी धरला की घडी कमी होते. घाम पुसायचा. आणि भरतीच्या शेवटच्या आठवड्यात सराव वाढवायचा नाही, कमी करायचा. नवी कातडी दाबल्यावर दुखत नाही तोवर लोंबकळायचं नाही.

ही फट कुणीतरी भरावी

वर आलेले प्रयोग मोजून पाहा: घासून आणलेले फोड, सैनिकांचे पाय, डुकराच्या पाठी, दगडावरची बोटं. यातला एकही लोखंडी दांड्यावर फाटलेल्या घट्ट्यावर केलेला नाही. तरी आपण सगळे त्यावरून सल्ला देतो, मीही वर दिला.

या विषयावर अभ्यास करायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. १८ वर्षांवरची, सराव करणारी पोरं. प्रत्येकाचे दोन हात. नाणं उडवून ठरवायचं की कोणत्या हाताचा घट्टा दर आठवड्याला वज्रीने घासायचा आणि कोणता तसाच ठेवायचा. माणूस तोच, दांडा तोच, घाम तोच. फरक फक्त उपायाचा. पट्टी शेजारी ठेवून दर आठवड्याला फोटो, फाटल्याची तारीख, पुन्हा दांडा धरल्याची तारीख. फोटो पाहून मोजणाऱ्याला कोणता हात कोणता हे सांगायचं नाही. उजव्या-डाव्या हाताच्या ताकदीतला फरक आधीच नोंदवायचा. लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी, बाकी सगळं नंतर.

आणि जमलं तर त्यात एक गट ऊसतोड कामगारांचाही घ्यावा. त्यांच्या हातावरच्या खुणा ओळखीसाठी पुष्कळ पाहून झाल्यात. त्या दुखतात का, फाटल्या तर किती दिवसांची मजुरी बुडते, एवढं तरी आता विचारायला हरकत नाही.